खिडकीजवळचा दांडा

कडकरावांच्या लाँड्रीत कपडे अडकवायचे दोन दांडे होते. एक आतल्या खोलीत, गिऱ्हाइकांच्या धुऊन तयार झालेल्या कपड्यांचा. दुसरा बाहेर खिडकीजवळ, दानाचा. पहिल्या दांड्यावर घर चालायचं आणि दुसऱ्यामुळे मान ताठ राहायची.

कडकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्या इस्त्रीचं विशेषण हळूहळू त्यांनाच चिकटलं होतं. माणूस कापसासारखा मऊ. राग आला की आधी तांब्याभर पाणी पीत, आणि पाणी पिऊन होईपर्यंत कशाचा राग आला होता ते विसरत. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. त्या मात्र काहीही विसरत नसत, त्यामुळे संसार समतोल होता.

लाँड्रीत लोक कपडे टाकतात आणि विसरतात. कुणी गाव सोडतं, कुणी जाड होतं, कुणाचं ठरलेलं लग्न मोडतं. दोन-दोन वर्षं वाट पाहूनही ज्यांचा वाली येत नाही असे कपडे खिडकीजवळच्या दांड्यावर जायचे. वहिनी त्यांची बटणं लावायच्या, उसवलेलं शिवायच्या. कडकराव इस्त्री मारायचे. थंडी पडायच्या सुमाराला दोघं मिळून ते सगळं गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नेऊन द्यायचे. भाजीत मीठ किती, खिडकी उघडी की बंद, पाहुण्यांना थांबवायचं की घालवायचं, अशा सगळ्या बाबतींत या जोडप्याचं एकमेकांशी वाजायचं. दानाच्या बाबतीत मात्र दोघांचा सूर एक. शेजारपाजारचे कौतुकाने म्हणायचे, "शिकावं तर या दोघांकडून," आणि हे ऐकलं की दोघंही मान खाली घालायचे. खाली घालून हसायचे.

दांड्यावरचं सगळं तयार झालं की वहिनी त्यावर एक पांढरी चादर पांघरायच्या. चादर पडली की समजायचं, माल निघाला. शिवाय घरात एक नियम होता, आणि तो गल्ल्यावर बसणाऱ्या सासूबाईंनी घालून दिला होता. "दिलेलं परत मागायचं नाही. मागायचंच असेल तर देऊ नका, घरात ठेवा आणि बघत बसा."

त्या दिवशी सकाळी आतल्या खोलीतला नळ भिंतीतच फुटला. वहिनींनी प्लंबरला बोलावलं. प्लंबरने भिंतीला कान लावला, दोनदा मान हलवली आणि सरळ हातोडा घातला. धूळ उडायला लागली तशी वहिनींची धांदल उडाली. खिडकीजवळचा दांडा त्या दिवशी रिकामाच होता, कारण दानाचे कपडे दोन गाठोड्यांत बांधून त्यांनी बटणं लावायला वरच्या मजल्यावर घरी नेले होते. त्यांनी गिऱ्हाइकांचे सगळे कपडे भराभर उचलून खिडकीजवळ आणून अडकवले. धूळ बसू नये म्हणून त्यावर चादर टाकली. हाताला लागली ती टाकली. हाताला लागली ती पांढरी होती. मग त्या प्लंबरबरोबर नवा पाइप आणायला गेल्या, कारण प्लंबर एकटा बाहेर गेला की परत येत नाही, हा अनुभव होता.

इतक्यात कडकराव आले. सासूबाई गल्ल्यावर बसल्या बसल्या पेंगत होत्या. आतल्या खोलीत डोकावले असते तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण समोर पांढरी चादर दिसली आणि कडकरावांना भरून आलं. दरवर्षी वहिनी टोचून बोलायच्या, "मी मागे लागले नाही तर तुमच्या हातून दानसुद्धा व्हायचं नाही." यंदा मागे लागायच्या आत आपणच जाऊन द्यायचं, असं त्यांनी मनाशी केव्हाच ठरवलं होतं.

त्यांनी चादर काढली. यंदा लोक बरेच चांगले कपडे विसरले आहेत, असं त्यांना वाटलं. जग किती धांदरट झालंय म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. एक राजाचा भरजरी अंगरखा बघून ते जरा थबकले. पण नाटक कंपन्या बुडतात हे त्यांना माहीत होतं. कपड्यांना गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या तशाच अडकवलेल्या दिसल्या, तेव्हा मात्र ते मनात म्हणाले, बघा, मला नावं ठेवते आणि स्वतः चिठ्ठ्या काढायला विसरली. मग एकेक चिठ्ठी काढून त्यांनी ती बॉयलरच्या भट्टीत टाकली. काम कसं चोख हवं. टेम्पो काढला, कपडे भरले, वृद्धाश्रमात नेऊन दिले आणि शीळ घालत परत आले.

वहिनी दुकानात रिकाम्या दांड्याकडे बघत उभ्या होत्या.

"अहो, इथले कपडे कुठंयत?"

"ओळख बघू," कडकराव म्हणाले.

"मला आता कोडी घालू नका. कपडे कुठंयत?"

"पोचलेसुद्धा! मागे लागावं लागलं का या वर्षी? सगळे देऊन आलो. चिठ्ठ्या तू विसरली होतीस, त्यापण काढल्या. भट्टीत टाकल्या, कचरा नको म्हणून."

 वहिनींनी वरच्या मजल्याकडे बोट केलं, मग आतल्या फुटक्या भिंतीकडे, मग नवऱ्याकडे. तिन्ही ठिकाणांचा संबंध कडकरावांच्या डोक्यात जुळायला थोडा वेळ लागला. जुळल्यावर त्यांनी तांब्या उचलला. त्यात पाणी नव्हतं, कारण नळ बंद होता.

"त्यात प्राचार्यांचा काळा सूट होता," वहिनी म्हणाल्या. "आज संध्याकाळी त्यांचा निरोप समारंभ आहे. शाळेचे पडदे, खेळाचे गणवेश, सगळं आपल्याकडे येतं ते त्यांच्यामुळे. आजवर या दुकानात कुणाचा रुमाल हरवला नाही हो!"

"मग चल, पटकन घेऊन येऊ."

"घेऊन येऊ?" गल्ल्यावरून आवाज आला. सासूबाई जाग्या झाल्या होत्या. "दिलंस ना?"

"आई, चुकून दिलं."

"चुकून दे नाहीतर बरोबर दे. म्हाताऱ्या माणसांच्या हातात दिलेलं परत मागणार? त्यांना काय वाटेल? मागितलंस तर या घरात तोंड दाखवू नकोस. आणि गिऱ्हाइकाचं बुडवलंस तर दुकानात दाखवू नकोस."

"मग मी तोंड दाखवू कुठं?" कडकराव कळवळून म्हणाले.

सासूबाईंनी डोळे मिटले. त्या पुन्हा पेंगू लागल्या.

वहिनींनी डोकं चालवलं. वरची दोन गाठोडी टेम्पोत टाकली आणि वाटेत नवऱ्याला बजावलं, "तुम्ही बोलायचं नाही. तुम्ही खरं बोललात तर परत मागितल्यासारखं होईल, आणि खोटं बोललात तर लगेच कळेल. नुसतं हसायचं."

कडकराव तिथपासूनच हसायला लागले.

वृद्धाश्रमात मेट्रनबाई दारातच भेटल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "काय कपडे दिलेत हो यंदा! दरवर्षी चांगले असतात, पण यंदा म्हणजे अगदी कालच कुणीतरी घातल्यासारखे! मी सगळ्यांना सांगितलं, देवमाणसं आहेत दोघं."

"सगळे वाटून झाले?" वहिनींनी विचारलं.

"छे, माप बघून उद्या वाटणार. कपाटात आहेत. फक्त दोन दिलेत."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्या म्हणाल्या, "ताई, त्यातली बटणं बघायची राहिली. यांनी घाईघाईत आणले. त्याऐवजी ही गाठोडी ठेवा, यातली बटणं मी स्वतः बघितलीत." यात खोटं असं एक अक्षर नव्हतं. मेट्रनबाईंनी आनंदाने कपाट उघडलं. कडकराव हसत हसत कपडे टेम्पोत भरत होते. चिठ्ठ्या नसल्या तरी कुठला कपडा कुणाचा हे वहिनींना पाठ होतं. परत काहीच मागितलं नव्हतं. फक्त बदललं होतं.

"आणि ते दोन कपडे कुणाकडे आहेत?"

एक दिसायला वेळ लागला नाही. व्हरांड्याच्या टोकाला, आरामखुर्चीत, भरजरी अंगरखा घालून कंडक्टरकाका बसले होते. उभा जन्म त्यांनी बसमध्ये तिकिटं फाडली होती. आयुष्यात कुणी ऐकलं नाही ते आता ऐकवायचा त्यांनी चंग बांधला होता.

"कोण आहे? पुढे सरका!" ते गरजले.

वहिनी पुढे सरकल्या. "महाराज, अंगरखा शोभतोय तुम्हाला. पण कडेला जरा मळलाय. आम्ही धुऊन आणतो."

"आम्ही उतरवणार नाही. आज सकाळपासून तिघांनी आम्हाला वाकून नमस्कार केलाय. आमच्या सुनेने लग्नात केला नव्हता."

"त्याच्याबदल्यात हा गरम कोट. बटणं नवी आहेत. आतून अस्तर आहे."

महाराजांनी कोट हातात घेऊन बघितला. अंगरखा दिसायला राजेशाही असला तरी पाठीला टोचत होता, हे त्यांच्या खाजवण्यावरून कळत होतं. पण राजा झाला की एकदम हो म्हणता येत नाही. त्यांनी विचार केला.

"धुऊन देता म्हणता ना? मग एकट्या राजाचंच का? आमच्या प्रजेच्या चादरीही धुवा. इथलं मशीन पावसाळ्यापासून बंद पडलंय. बायाबापड्या हाताने चादरी पिळतात. त्यांच्या बोटांकडे बघवत नाही."

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. "धुतो, महाराज."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"दर आठवड्याला?"

कडकरावांचं हसू जरा डळमळलं. वहिनी म्हणाल्या, "दर आठवड्याला."

महाराजांनी हात वर केला आणि अंगरखा उतरवला. पुढच्या काही मिनिटांत हुकूम खोलीखोलीतून फिरला. चादरी आल्या, उशांचे अभ्रे आले, पडदे आले. एका आजींनी सगळे पायमोजे आणून दिले आणि त्यांच्या जोड्या चुकवू नका म्हणून दोनदा बजावलं. टेम्पो इतका भरला की मागचं काही दिसेना.

"आणि काळा सूट?" वहिनींनी शेवटी मेट्रनबाईंना विचारलं.

"तो इथे राहणाऱ्या ड्रॉइंगच्या सरांना दिला. आत्ताच गेले. शाळेची गाडी आली होती न्यायला. प्राचार्यांचा निरोप समारंभ आहे ना? ते सरांचेच विद्यार्थी."

कडकरावांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागून माणूस निघून गेल्यासारखा वाटला. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. प्राचार्य होते.

"वहिनी, माझा सूट कुठंय? माणूस दुकानात पाठवला तर तुमच्या सासूबाई म्हणतात, तोंड कुठं दाखवायचं ते अजून ठरलं नाही. काय प्रकार आहे?"

"सूट निघालाय, सर," वहिनी म्हणाल्या. "गाडीतून तुमच्याकडेच येतोय."

फोन ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हेपण खोटं नाही."

"नाही," कडकराव म्हणाले, "पण त्यात माणूस आहे, हे सांगायचं राहिलं."

चादरींनी भरलेला टेम्पो शाळेच्या दारात पोचला तेव्हा सभागृह गच्च भरलं होतं. दोघं मागच्या भिंतीला चिकटून उभे राहिले. व्यासपीठावर प्राचार्य बसले होते. सुटाची वाट बघून बघून त्यांनी शेवटी पी.टी.च्या शिक्षकांचा कोट उसना घेतला होता. पी.टी.चे शिक्षक सडपातळ होते आणि प्राचार्य नव्हते. बाह्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे संपत होत्या, त्यामुळे ज्यांच्या नुसत्या चाहुलीने वर्ग चिडीचूप व्हायचे ते गृहस्थ कोपर अंगाशी धरून शहाण्या मुलासारखे बसले होते.

त्यांच्या शेजारी ड्रॉइंगचे सर. काळा सूट त्यांच्या अंगावर असा बसला होता की जणू त्यांच्यासाठीच शिवला होता. पांढरे केस मागे वळवलेले, पाठ ताठ.

"ओळखला असेल का हो त्यांनी?" वहिनी कुजबुजल्या.

"काळे सूट सगळे सारखेच असतात."

"चौथं बटण मी लावलंय. मिळतंजुळतं मिळालं नाही, म्हणून जरा करडं लावलं. त्यावरून त्यांनी माझ्याशी वाद घातला होता."

तेवढ्यात प्राचार्यांची नजर सरांच्या चौथ्या बटणावर गेली. तिथे ती थांबली. मग ती सभागृहभर फिरली आणि मागच्या भिंतीपाशी येऊन पुन्हा थांबली. कडकराव भिंतीत शिरायला जागा शोधू लागले.

सूत्रसंचालकांनी सरांना दोन शब्द बोलायची विनंती केली. सर उठले. आवाज बारीक होता, पण सभागृह शांत झालं.

"मला खरं म्हणजे यायचं नव्हतं," ते म्हणाले. "निमंत्रण येऊन बरेच दिवस झाले. पण माझ्याकडे दोनच सदरे आहेत, आणि दोन्ही रंगांनी भरलेले. माझा विद्यार्थी एवढा मोठा झाला, त्याच्या शेजारी तसं कसं बसायचं? म्हटलं, आजारी आहे असं कळवून टाकू. आणि आज सकाळी कुणीतरी हा सूट पाठवला. कोण, मला माहीत नाही. पण त्या माणसामुळे मी आज इथे आहे. तो जिथे असेल तिथे सुखात राहो."

टाळ्या पडल्या. प्राचार्य उठले. त्यांनी सरळ सरांना मिठी मारली. मिठी मारताना पी.टी.च्या शिक्षकांचा कोट पाठीवर वरपासून खालपर्यंत उसवला. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला आणि मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर प्राचार्य गर्दीतून वाट काढत थेट मागच्या भिंतीपाशी आले. 

"कडकराव."

"सर, चूक माझी आहे," कडकराव म्हणाले. "मी न विचारता देऊन आलो."

"त्यांची नाही, माझी," वहिनी म्हणाल्या. "चादर मी टाकली."

"चिठ्ठी मी जाळली."

"पण नळ फुटल्यावर मी..."

"हळू बोला!" प्राचार्य दबक्या आवाजात ओरडले. "सरांच्या कानावर गेलं तर याद राखा. सूट कुणाचा होता हे तुम्ही दोघं विसरलात, समजलं? मी विसरलोय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आयुष्यभर मुलांना छड्या मारल्या. सुखात राहा असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आज एवढ्या लोकांसमोर म्हटलं, आणि तो माणूस मीच, असं मला सांगताही आलं नाही. पण बरं वाटलं हो. फार बरं वाटलं." मग गळा साफ करून ते पुन्हा प्राचार्य झाले. "धुलाईचं बिल मी देणार नाही. आणि हा कोट उद्या सकाळपर्यंत शिवून हवाय. पी.टी.चे सर थंडीने कुडकुडतायत."

अंधार पडता पडता दोघं दुकानात परतले. सासूबाई गल्ल्यावरच होत्या. वहिनींनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. परत काही मागितलं नव्हतं आणि गिऱ्हाइकाचं बुडालंही नव्हतं. दोघंही शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

"म्हणजे सूट दिला तो प्राचार्यांनी," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि मागच्या वर्षीचे स्वेटर?"

"ते... ते गिऱ्हाइकांचेच," कडकराव म्हणाले. "विसरलेले."

"त्याच्या मागच्या वर्षीच्या शाली?"

"त्यापण."

"मग तुम्ही दोघांनी काय दिलं?"

 बटणं, असं वहिनींना म्हणायचं होतं, पण बटणंही दुकानातल्या जुन्या कपड्यांवरून काढलेली असायची. इतकी वर्षं शेजाऱ्यांनी कौतुक केलं, मेट्रनबाईंनी देवमाणसं म्हटलं, आणि आपण मान खाली घालून हसलो. कडकराव वहिनींकडे बघत होते, वहिनी त्यांच्याकडे. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण एकाच वेळी इतकी लाज दोघांना कधी वाटली नव्हती.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत, आई?" वहिनींनी विचारलं.

"लोकांना ऊब मिळत होती ना? आणि तुम्ही इतके खूश असायचात," सासूबाई म्हणाल्या, आणि गल्ल्याला कुलूप लावून जिना चढून गेल्या.

बाहेर टेम्पो उभा होता. दोघांनी मिळून गिऱ्हाइकांचे कपडे आत अडकवले, चादरी उतरवल्या, अभ्रे उतरवले, पडदे उतरवले, आजींचे पायमोजे वेगळे ठेवले. दुकान दारापर्यंत भरून गेलं. प्लंबरने जाताना नळ सुरू करून दिला होता. पाणी यायला लागलं तशा वहिनींनी बाह्या सरसावल्या.

"दर आठवड्याला कबूल केलंस," कडकराव हळूच म्हणाले.

"केलं."

"साबण आपला. वीज आपली. कंबर आपली."

"हो. आणि यातलं कुणी काही विसरून गेलेलं नाही."

कडकरावांनी त्या ढिगाकडे पाहिलं. मग खाली बसून मशीनमध्ये एकेक चादर कोंबायला लागले. वहिनींनी डब्यातून पावडरीचं माप नेहमीसारखं सपाट भरलं, वरची बोटाने निपटून काढली. धंद्यातला हा धडा त्यांना कडकरावांनीच दिला होता, आणि त्यावरून आजवर पुष्कळ भांडणं झाली होती.

"अगं, शिगोशीग भर," कडकराव म्हणाले. "एवढी काय कंजुषी करतेस?"

वहिनी माप हातात धरून नवऱ्याकडे बघतच राहिल्या.